पाठ टेकायला जागा

माझा भाचा जर्मनीत शिकतो. चार दिवस सुट्टी मिळाली की पाठीवर सॅक टाकून कुठेतरी निघतो आणि परत आला की मला सविस्तर हिशेब पाठवतो. फोटो कमी, हिशेब जास्त! (मावशीचं सगळं आयुष्य हिशेब तपासण्याच्या नोकरीत गेलं, त्याचा हा परिणाम असावा.) या वेळी स्वारी अल्बेनियाला जाऊन आली. राजधानी तिरानामध्ये तीन दिवस. शहरातल्या बसचं तिकीट ४० लेक, ते बसमध्येच कंडक्टरकडे काढायचं. त्यांचा एक लेक म्हणजे साधारण आपला एक रुपयाच, त्यामुळे मला आकडेमोडही करावी लागली नाही. एका गावाहून दुसऱ्या गावी जायला 'फुर्गोन' नावाच्या गाड्या. म्हणजे आपल्याकडच्या वडापच म्हणा ना, भरली की सुटणार. सकाळी बेकरीतून गरमागरम 'ब्युरेक' घ्यायचा, म्हणजे चीज, पालक नाहीतर खिमा भरलेला पापुद्र्यांचा खमंग प्रकार. आणि रात्री शहराच्या ऐन मध्यात, हॉस्टेलच्या सहा जणांच्या खोलीत एक पलंग. बारा-तेरा युरो.

पत्राच्या शेवटी प्रश्न होता. "मावशी, माझा एक मित्र मुंबई बघायला येणार आहे. दिवसाला सगळं मिळून हजार-बाराशे रुपये खर्च करू शकतो. तुमच्या प्रभादेवी-दादरकडे जमेल ना?"

मी कागद-पेन घेऊन बसले. चुलीला जसे तीन दगड लागतात, तसे स्वस्त प्रवासालाही तीन लागतात. फिरणं, खाणं आणि मुक्काम. पहिले दोन दगड भराभर बसले. तिसऱ्यापाशी पेन थांबलं आणि मग जे विचार सुरू झाले ते इथे मांडतेय. मुद्दा भाच्याच्या मित्राचा नाहीच, तो काय, कुठेतरी सोय करून घेईल. मुद्दा आपल्या शहराचा आहे.

आधी पहिला दगड. फिरण्याच्या बाबतीत मुंबईचा हात धरणारं शहर शोधून सापडायचं नाही. लोकलचं दुसऱ्या वर्गाचं कमीत कमी तिकीट आजही ५ रुपये आहे. पाच रुपयांत हल्ली धड कटिंगसुद्धा मिळत नाही! बेस्टच्या साध्या बसचं कमीत कमी भाडं १० रुपये आणि एसीचं १२. हे मे २०२५ पासूनचे दर. त्याआधी जुलै २०१९ मध्ये बेस्टने भाडं आठावरून थेट पाचावर आणलं होतं, ते जवळपास सहा वर्षं टिकलं आणि मग एका फटक्यात दुप्पट झालं. दुप्पट झालं तेव्हा बसस्टॉपवर बरीच चिडचिड ऐकली, तरी दहा रुपयांत पाच किलोमीटर म्हणजे तिरानाच्या चाळीस लेकपेक्षा चौपट स्वस्त. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं मीटर फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपयांनी सुरू होतं. तिघं-चौघं असलात तर तेही परवडतं, आणि दादर स्टेशनहून सिद्धिविनायकाला शेअर टॅक्सी असतेच. रिक्षाचं मात्र विचारू नका, माहीम-सायनच्या अलीकडे तिला बंदी!

शिवाय आता आमच्या दारात मेट्रोही आली. तिचं सिद्धिविनायक स्टेशन मे २०२५ मध्ये सुरू झालं, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ती मार्गिका आरेपासून थेट कफ परेडपर्यंत धावू लागली. तिकीट १० पासून ७० रुपयांपर्यंत. विमानतळावर उतरलेला माणूस जमिनीखालून एकाच गाडीत गणपतीच्या दारात येऊन उभा राहतो. माझ्या आईला हे सांगितलं असतं तर तिने दुसऱ्या कोणाला तरी विचारून खात्री करून घेतली असती.

सगळं गोडगोड आहे असंही नाही. आमच्या प्रभादेवी स्टेशनचं नाव २०१८ पर्यंत एल्फिन्स्टन रोड होतं. त्याच्या आदल्याच वर्षी, २९ सप्टेंबर २०१७ ला, तिथल्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. पुढे लष्कराने बांधलेला पादचारी पूल २०१८ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. आणि आता सप्टेंबर २०२५ पासून वाहनांचा जुना एल्फिन्स्टन पूलच शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी बंद केलाय. पुलाच्या पलीकडे परळ, म्हणजे केईएम, टाटा, वाडिया. आमच्या बाजूने हॉस्पिटलात टॅक्सीने जायचं तर टिळक पुलाने नाहीतर करी रोडकडून वळसा. तरीही एकंदरीत फिरण्याचा दगड भक्कम आहे. शंभर रुपयांत माणूस दिवसभर मुंबई हिंडू शकतो, हे मी छातीठोकपणे लिहून दिलं.

दुसरा दगड खाण्याचा. इथे तर आपण राजे! वडापावचा जन्मच दादर स्टेशनबाहेरचा. १९६६ च्या सुमारास अशोक वैद्यांनी पावात वडा घातला असं सांगतात. आमच्या प्रभादेवीत कीर्ती कॉलेजजवळच्या वडापावच्या गाडीपाशी, चुऱ्यासाठी भांडणारी तिसरी पिढी मी बघतेय. दादरला मामा काणे आहे, प्रकाश आहे, आस्वाद आहे (ज्याच्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनहून जगातल्या सर्वोत्तम शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला आणि पुढे महिनाभर आम्हा शेजाऱ्यांना तिथे जागा मिळेना). माटुंग्याला रामा नायकांचं १९४२ चं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग. लालबागला मासे खायचे तर क्षीरसागर. आणि यातलं काहीही नको असेल तर कोपऱ्यावरची पुरीभाजी. दिवसाला तीन-चारशेत माणूस पोटभर, चवीने जेवतो.

पण या दुसऱ्या दगडाखाली काय आहे, ते आपण सहसा बघत नाही. मुंबईत बाहेरचं जेवण स्वस्त झालं ते काही हौशी खवय्यांसाठी नाही. एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगारांसाठी झालं. गिरणगावातल्या बायका दहा बाय बाराच्या खोलीत वीस-वीस जणांचा स्वयंपाक करायच्या. तीच खाणावळ. पगार झाला की पैसे. ह्या बायकांना उधारीवर धान्य देणारे वाणी आणि वाटेल ते व्याज लावणारे सावकार यांच्या कचाट्यातून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. तेव्हाही कित्येक खाणावळवाल्यांनी उधारीवर ताटं वाढली, ती उधारी सगळी वसूल झाली नाही. म्हणजे मुंबईतलं स्वस्त जेवण हा बाजाराचा चमत्कार नव्हता. कोणीतरी पहाटे चारला उठून, कोणीतरी तोटा सोसून ते स्वस्त ठेवलेलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तिसरा दगड.

प्रभादेवी-दादर भागात एका माणसाला एक रात्र, स्वच्छ चादर, आतून लागणारी कडी आणि वापरण्याजोगा संडास इतकंच हवं असेल तर काय पडतं? मी फोन करून विचारलं, चार जणांना विचारायला लावलं. दोन हजारांच्या आत बरी खोली मिळाली तर नशीब. त्याखाली जे मिळतं ते बघून मी भाच्याला कळवायचं रद्द केलं. खाटेच्या भाड्याने मिळणाऱ्या डॉर्मिटऱ्या कुठे कुठे आहेत, पण बाईमाणसाला तिथे पाठवायचा धीर होत नाही. मुंबई सेंट्रल स्टेशनात २०२१ मध्ये रेल्वेने ४८ खणांचं पॉड हॉटेल काढलं, जपानी पद्धतीचं, एक माणूस आडवा होईल एवढा खण. सुरुवातीचा दर बारा तासांना ९९९ आणि चोवीस तासांना १९९९ रुपये. कल्पना छान, पण ज्याच्या खिशात सगळ्या प्रवासाचे मिळून दोन हजार आहेत त्याने काय करायचं?

बरं, मुंबईत पाहुणा काही आज येऊ लागलेला नाही. गेली दीडशे वर्षं सगळा महाराष्ट्र इथे येतोय. मग ही माणसं राहायची कुठे?

त्याचं उत्तर फार गंमतीचं आहे. मुंबईत स्वस्त मुक्काम भरपूर होता, फक्त तो विकत मिळत नव्हता.

सगळ्यात मोठं लॉज म्हणजे नातेवाईक. आमच्या चाळीतल्या दीड खोलीत आम्ही सहा जण, आणि मे महिन्यात अकरा. कोणी नोकरीच्या मुलाखतीला, कोणी मुलगी दाखवायला, कोणी डोळ्याच्या ऑपरेशनला. गॅलरीत सतरंज्या, पायऱ्यांवर सतरंज्या. दुसरं, गावकीच्या खोल्या. लालबाग, परळ, वरळी, डिलाईल रोड इथल्या चाळींत सातारा-कोल्हापूरकडच्या, कोकणातल्या गावांनी मंडळं करून खोल्या घेतलेल्या. वर्गणी भरणाऱ्या प्रत्येकाची भिंतीलगत एक ट्रंक, दांडीवर कपडे, एक वळकटी. रातपाळीवाला सकाळी येऊन झोपायचा तेव्हा दिवसपाळीवाला त्याला जागा देऊन निघालेला असायचा. गावाहून कोणीही आला तरी 'आपल्या गावाची खोली' म्हणून तो थेट तिथे. गोव्याच्या मंडळींचे असेच 'कूड', म्हणजे गावागावांचे क्लब. धोबीतलावच्या जेर महालमधले प्रसिद्धच आहेत. बोटीवर नोकरीला जाणारा खलाशी बोट मिळेपर्यंत आपल्या गावाच्या कुडात राहायचा. तिसरं, धर्मशाळा. आणि चौथं, हसू नका, आमदार निवास! साहेबांच्या खोलीत मतदारसंघातले दहा-बारा जण सतरंजीवर आणि साहेब स्वतः दुसरीकडे, हे दृश्य मंत्रालयात काम असलेल्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे.

पैसे मोजून राहायच्याही सभ्य जागा होत्या. क्रॉफर्ड मार्केटजवळचं सरदारगृह आपल्याला माहीत आहे ते लोकमान्य टिळकांचं निधन १ ऑगस्ट १९२० ला तिथे झालं म्हणून. पण ते मुळात बाहेरगावच्या लोकांसाठीचं वसतिगृहच. पुण्याचा एवढा मोठा पुढारी मुंबईत आला की लॉजवर उतरायचा, ही गोष्ट मला फार आवडते.

यातलं आज काय उरलंय? गिरण्या गेल्या, गिरण्यांबरोबर पाळ्या गेल्या, पाळ्यांबरोबर गावकीच्या खोल्यांची गरज कमी झाली. उरलेल्या खोल्या पुनर्विकासात. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, ५०० चौरस फुटांचं स्वतःचं घर! ते वाचून मला खरोखर आनंद झाला. शंभर वर्षं १६० चौरस फुटांत काढलेल्यांना ते मिळायलाच हवं होतं. पण खोलीचं घर झालं की ते कोणा एकाचं होतं. 'गावाचं' राहत नाही.

आणि नातेवाईकांचं काय? इथे मी जरा जपून लिहिते, कारण निम्मे वाचक घरचेच आहेत. आपली घरं मोठी झाली आणि सतरंज्या माळ्यावर गेल्या. दीड खोलीत अकरा माणसं मावत होती, दोन बेडरूममध्ये एक पाहुणा अवघड जातो. लगेच "आता माणुसकीच उरली नाही" म्हणून उसासे टाकणाऱ्यांना मात्र माझा एक प्रश्न आहे. त्या अकरा जणांच्या पोळ्या कोण लाटत होतं? पहाटे नळाला पाणी यायच्या आधी उठून बादल्या कोण भरत होतं? पाहुणा फुकट राहायचा, पण ते फुकट नव्हतं. त्याचा खर्च घरातली बाई भरत होती. ती नोकरीला लागली, तिने "नाही जमणार" म्हणायला सुरुवात केली, यात वाईट काय झालं? मला तर हे चांगलंच वाटतं.

गावकीच्या खोल्यांचेही फार गोडवे गाऊ नयेत. तिथे बायकांना जागा नव्हती. आणि तुमचं गाव कोणतं, त्या गावात तुमची आळी कोणती, यावर सगळं अवलंबून असायचं. मुक्कामाला जागा देताना आपल्या समाजाने आधी नाव विचारलं आणि मग चादर दिली. परदेशातून शिकून आलेले डॉ. आंबेडकर १९१७ च्या सुमारास बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. नाव बदलून पारशांच्या विश्रामगृहात राहिले तर तिथून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. पंढरपूरला गाडगेबाबांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली, कारण विठ्ठलाच्या गावातही सगळ्यांना सगळीकडे पाठ टेकता येत नव्हती. ती वास्तू बाबांनी पुढे आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. आजही लॉजच्या काउंटरवर 'एकट्या लेडीजना देत नाही', 'लोकल आधार कार्ड चालत नाही' हे ऐकावं लागतंच. आडनाव वाचून 'फुल्ल आहे' म्हणतात, तेही मी ऐकलंय.

तर जुन्या व्यवस्थेचं कौतुक एवढ्यापुरतंच, की ती होती. तिच्यातले दोष गेले पाहिजेत हे मान्य. पण दोषांबरोबर मुक्कामही गेला आणि त्या जागी काहीच आलं नाही. माझं दुखणं ते आहे.

याचा फटका कोणाला बसतो? भाच्याच्या मित्राला नाही. परळला जाऊन बघा. टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं, आणि आज तिथे सगळ्या देशातून माणसं येतात. कॅन्सरचा उपचार एका दिवसाचा नसतो. केमोच्या दोन फेऱ्यांमध्ये तीन आठवडे. गावी परत जाणं झेपत नाही, इथे राहणं परवडत नाही. उपचाराचे पैसे कुठून कुठून योजनांमधून उभे राहतात, पण मुक्कामाला योजना नाही. मग फुटपाथ. हातात फाइल, शेजारी स्टोव्ह, डोक्यावर निळं प्लास्टिक. आम्ही प्रभादेवीकर तिथून इतक्या वेळा जातो की आता ते दिसेनासंही होत चाललंय.

मदत करणारे आहेत. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा नाममात्र पैशांत रुग्ण आणि सोबतच्यांना ठेवून घेते. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. कॅन्सर झालेल्या मुलांसाठी सेंट ज्यूडची पहिली घरं २००६ मध्ये लोअर परळला सुरू झाली. ही माणसं डोंगराएवढं काम करतायत, पण येणाऱ्यांचा लोंढा समुद्राएवढा आहे.

२०२१ साली काय झालं आठवतंय का? म्हाडाने करी रोडच्या आपल्या इमारतींतली १०० घरं टाटाच्या रुग्णांच्या नातेवाईकांसाठी द्यायचं ठरवलं. मे महिन्यात किल्ल्याही सोपवल्या. जूनमध्ये स्थानिक रहिवाशांच्या तक्रारीवरून त्याला स्थगिती आली, आणि मग पर्याय म्हणून भोईवाड्यात बॉम्बे डाइंगच्या जागेवरच्या म्हाडाच्या इमारतीत जागा दिली गेली. शेवट बरा झाला म्हणायचा. पण मला त्या मधल्या आठवड्यांचं नवल वाटतं. ज्या लालबाग-परळने शंभर वर्षं अख्ख्या महाराष्ट्राला आपल्या खोल्यांमध्ये सामावून घेतलं, तिथल्याच इमारतींमध्ये आजाऱ्यांच्या नातेवाइकांना शेजारी घ्यायला नकोसं झालं. ही वाईट माणसं होती असं मी म्हणणार नाही. त्यांना स्वतःच्या घरासाठी वर्षानुवर्षं ताटकळावं लागलेलं, त्यांचे स्वतःचे प्रश्न होते. पण पूर्वी आपण देत होतो ते गावच्या, नात्याच्या, ओळखीच्या माणसाला. अनोळखी माणसाला शहराने जागा द्यावी, ही सवय आपल्याला कधी लागलीच नाही.

आणि हॉस्पिटल एकच नाही. परीक्षेला आलेली मुलं, कोर्टाच्या तारखेला आलेली म्हातारी माणसं, पोलीस भरतीला आलेली, फुटपाथवर झोपून पहाटे धावायला उतरणारी पोरं. दर भरतीला ती बातमी येते, आपण हळहळतो, पुढची भरती येते.

यावर दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला, "सगळ्यांनी मुंबईतच कशाला यायला हवं?" अहो, हायकोर्ट इथे, मंत्रालय इथे, टाटा इथे. तुम्ही सगळं इथे आणून ठेवायचं आणि मग येणाऱ्याला 'का आलास' विचारायचं? दुसरा, "इथली जमीन एवढी महाग, स्वस्त मुक्काम कसा परवडेल?" पण बेस्टचा दहा रुपयांचा प्रवास तरी कुठे परवडतो? लोकलचं पाच रुपयांचं तिकीट नफ्यात आहे का? ते आपण चालवतो, कारण त्याशिवाय शहर चालणार नाही हे आपण मान्य केलंय. घोड्याची ट्राम १८७४ ला आली, बस १९२६ ला, आणि १९४७ मध्ये हा सगळा कारभार महापालिकेकडे आला. वाहतूक खाजगी कंपनीकडून शहराच्या जबाबदारीत आली. मुक्काम मात्र धर्मादाय राहिला. बस हा हक्क आणि पलंग हा उपकार, असं का?

आणि मनात आणलं तर शहराला जमतं, याचा पुरावा दरवर्षी आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर मिळतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात. महापालिका शिवाजी पार्कवर मंडप घालते, पाणी, संडास, दिवे, डॉक्टर यांची सोय करते. काही कमी-जास्त असतं, पण लाखो अनोळखी माणसांची पाठ टेकायची सोय तीन-चार दिवस होते. जे शहर लाखोंचं करतं त्याला हजारांचं रोज करता येणार नाही?

मग काय करावं? मी काही नगररचनाकार नाही, हिशेबनीस आहे. हिशेबनिसाला सुचतं ते एवढंच.

एक, आधी मोजा. शहरात बस किती हे आपल्याला माहीत असतं, रोज त्यावर वाद घालतो. पाचशे रुपयांच्या आत मिळणारे स्वच्छ पलंग किती, हा आकडा वॉर्डावॉर्डाच्या फळ्यावर का नसावा?

दोन, मोठ्या हॉस्पिटलांच्या आणि स्टेशनांच्या आसपास एवढे टॉवर उठतायत, त्यांच्याकडून वाहनतळ घेता तसे थोडे मजले मुक्कामासाठी घ्या. महापालिकेने बांधा, चालवायला संस्थांना द्या, पण काउंटरवर आडनाव आणि सोबत पुरुष आहे का हे विचारायचं नाही, अशी अट घाला. फुकट नको. शंभर-दोनशे रुपये घ्या. फुकटात माणूस मिंधा होतो, पैसे मोजले की चादर मळकी असल्याची तक्रार करता येते.

तीन, पुनर्विकासात गावकीच्या मंडळांची खोली असेल तर तिचं घर विकून पैसे वाटून घेण्याआधी मंडळींनी एकदा विचार करावा. तुमच्या गावातली पोरगी परीक्षेला येईल तेव्हा तिला तिथे राहता येईल का? पूर्वी जी खोली फक्त बाप्यांची होती, ती आता तिची होऊ शकते.

आणि चार, घरच्या पाहुणचाराचे पैसे द्यायला-घ्यायला लाजू नये. अल्बेनियात पाहुण्याला देवाच्या बरोबरीने मानायची फार जुनी रीत आहे, आपल्यासारखीच. तो देश १९९१ पर्यंत जगापासून दारं लावून बसलेला, तिथे साधी स्वतःची मोटार ठेवायला बंदी होती. आज जेमतेम २४ लाख वस्तीच्या त्या देशात वर्षाला एक कोटीहून जास्त परदेशी पाहुणे येतात, आणि डोंगरातल्या गावांमधून घराघरांनी आपल्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने द्यायला सुरुवात केलीय. जेवण घरचं, पैसे घराला. आपल्या कोकणातही निवास-न्याहारी योजनेत हेच चालतं. ज्या वहिनी पूर्वी पाहुण्यांसाठी फुकट राबायच्या त्याच आता घावन-चटणीचे पैसे घेतात आणि पाहुणाही जास्त अदबीने वागतो! मग दादर-गिरगावातल्या मोठ्या घरांत एकट्या राहणाऱ्या आज्यांना सोसायटीने हे का करू देऊ नये? चार पैसे मिळतील, सोबत होईल, आणि टाटाला आलेल्या एखाद्या मायलेकींना फुटपाथऐवजी छप्पर मिळेल. सोसायट्यांचे नियम माणसांसाठी असतात, हे अधूनमधून आठवावं लागतं.

शहर श्रीमंत झालं हे कसं ओळखायचं, यावर लोक उंच इमारती दाखवतात, सागरी सेतू दाखवतात. मला विचाराल तर सोपी परीक्षा आहे. खिशात हजार रुपये असलेली एकटी बाई रात्री नऊला दादर स्टेशनवर उतरली, तर ती सकाळपर्यंत कुठे असेल? या प्रश्नाचं उत्तर आपल्याला न अडखळता देता आलं, तर मुंबई श्रीमंत.

असो, फार लांबलं. तुमच्या माहितीत दादर, परळ, गिरगाव भागात स्वस्त, स्वच्छ आणि बायकांना बिनधास्त राहता येईल अशी एखादी जागा असेल तर कृपा करून पत्त्यासकट कळवा. यादी करायला घेतलीय. सध्या त्यात सहा नावं आहेत आणि त्यातल्या चार फक्त रुग्णांसाठी आहेत. आणि घरच्या मंडळींना वेगळं सांगते. माळ्यावरच्या सतरंज्या मी परवा उन्हात घातल्यात. येताना आधी फोन करा, आणि पोळ्या लाटायला हात लावायची तयारी ठेवा, पुरुषांनीसुद्धा!